कपारीतली तीन पिल्लं

गावात तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली होती. तिथले बोर्ड भंगारात गेले, इमारतीत कुणी फर्निचरचं दुकान थाटलं, पण नाव काही सुटलं नाही. तिची उभी हयात कानाला हेडफोन लावून गेली होती. कोण घाईत आहे, कोण थाप मारतंय, कुणाच्या घरी काही बरंवाईट झालंय, हे समोरच्याने दुसरा शब्द काढायच्या आत तिला कळायचं. निवृत्तीनंतर त्या कानांना कामच उरलं नाही. घरात एकटा नवरा, आणि तोही दिवसेंदिवस अबोल होत चाललेला.

पक्ष्यांच्या नादाला ती लागली ती दाढदुखीमुळे. दातांच्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत ती आ वासून पडली होती, तोंडात कापसाचे बोळे. डॉक्टरबाई काम करता करता सांगत होत्या, की गावामागच्या बंद पडलेल्या दगडखाणीत बहिरी ससाण्याची एक जोडी घरटं करते. गेली काही वर्षं त्यांची अंडी फुकट गेली. यंदा लक्ष ठेवायला माणसं हवीत.

"याल का तुम्ही?"

"अं," ती म्हणाली. तोंडात कापूस असताना माणूस दुसरं काय म्हणणार? डॉक्टरबाईंनी तो होकार धरला आणि जाताना तिच्या हातात गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर पाळ्यांचं वेळापत्रकही ठेवलं.

काम दिसायला सोपं होतं. दोघादोघांनी सकाळ-संध्याकाळ खाणीच्या अलीकडच्या काठावर, दगड फोडायच्या जुन्या यंत्राच्या शेडमागे बसायचं. समोरच्या उभ्या कड्यात, मध्यावर एक कपार होती. तिथे काय चाललंय ते दुर्बिणीतून बघायचं आणि लिहून ठेवायचं. नराने किती वेळा शिकार आणली, मादी कधी उठली, खाली कोण माणसं फिरकली. जमेल तशी खाणीतली तार आणि प्लास्टिक उचलायचं. ही टिपणं पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेकडे जात. ठिकठिकाणचे असेच हौशी लोक आपापली टिपणं पाठवत, आणि त्यातून ससाणे वाढताहेत की संपत चाललेत ते कळायचं.

नियम एकच होता, पण तो कडक होता. घरट्याचं ठिकाण बाहेर सांगायचं नाही. ससाण्याच्या पिल्लांना शौकीन लोक वाटेल ती किंमत देतात, हे डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"नवऱ्याला, बायकोला, पोटच्या पोराला, कुणालाही नाही," त्या म्हणाल्या.

"माझं सोपं आहे," मामा म्हणाले. "मला यांतलं काहीच नाही."

मामा म्हणजे बसचे निवृत्त ड्रायव्हर, तिच्या पाळीचे जोडीदार. तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यांनी मादीचं नाव मॅनेजरीणबाई ठेवलं होतं आणि नराचं हमाल. "बघा, बघा, हमाल माल घेऊन आला. आता मॅनेजरीणबाई म्हणतील, एवढाच? आणि उशीर का?" ऑपरेटरबाई तोंडावर पदर धरून हसायची. पण मामांच्या आधी तिलाच कळायचं. नर अजून कड्यापलीकडे असायचा, दुर्बिणीत त्याचा ठिपकासुद्धा नसायचा, आणि ती म्हणायची, "आला." मादीच्या आवाजात एक बारीकसा चढ यायचा, तो तिच्या कानाने टिपलेला असायचा. डॉक्टरबाईंनी एकदा हे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे?" त्या एका वाक्यावर ती कितीतरी दिवस जगली.

त्या वर्षी अंडी उबली. कपारीत तीन पिल्लं झाली, पांढऱ्या कापसाच्या गुंड्यांसारखी. ज्या दिवशी तिन्ही डोकी एकदम दिसली त्या दिवशी मामा चक्क गप्प बसले होते.

घरी मात्र वेगळंच होतं. तिच्या नवऱ्याचा बाजाराच्या गल्लीत फोटो स्टुडिओ होता. एके काळी लग्नाचं, बाळाचं, शाळेच्या निकालाचं निमित्त काढून लोक तिथे रांग लावायचे. मागे तळ्याचा रंगवलेला पडदा, शेजारी छत्रीचे दिवे. आता सगळ्यांच्याच खिशात कॅमेरा आला. लायसन्ससाठी, नाहीतर नोकरीच्या अर्जासाठी चुकूनमाकून कुणी यायचा. बाकी वेळ नवरा स्टुलावर बसून रस्त्याकडे बघायचा. ती डबा घेऊन जायची तेव्हा कधीकधी तो बसल्याबसल्या झोपलेला असायचा. घरी आला की जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. माणूस घरात असून नसल्यासारखा.

"आज काय केलं तुमच्या गुप्त मंडळाने?" एवढं मात्र तो रोज विचारायचा.

"बसलो, बघितलं, आलो."

"काय बघितलं ते नाही सांगायचं."

"नाही."

"बरं." आणि तो कूस बदलायचा.

एका दुपारी ती डबा घेऊन गेली तर तो जागा होता. काउंटरवर पिवळं फडकं अंथरून लांब पल्ल्याची जुनी लेन्स पुसत बसला होता. मोठ्या हौसेने घेतलेली आणि कधीच फारशी न वापरलेली. "कडेला बुरशी धरायला लागली होती," तो म्हणाला. "मधली काच अजून स्वच्छ आहे. बघ." तिने डोळा लावला. समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा खिळासुद्धा दिसत होता. "चांगली आहे," ती म्हणाली.

"हो, पण बघायचं काय हिच्यातून? पाटीवरचे खिळे?"

तो हसत म्हणाला होता. तिला मात्र दिवसभर ते वाक्य सोडेना.

त्याच आठवड्यात मामांची कंबर धरली आणि सकाळच्या पाळीला ती एकटीच पडली. आदल्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "उद्या लेन्स घेऊन माझ्याबरोबर चला. कुठे जायचं ते विचारू नका. आणि आल्यावर कुणालाही काही सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

"अगं, काय खून करायचाय का?"

"शपथ घ्या आधी."

त्याने घेतली.

शेडमागे तो गुडघ्यांवर बसला, ते दुखणारे गुडघे विसरून. पिल्लांच्या अंगावर आता कापसातून तपकिरी पिसं डोकावत होती. काठावर येऊन ती पंख झाडायची आणि घाबरून मागे सरायची. तिने नवऱ्याकडे पाहिलं तर त्याचे ओठ किंचित उघडे होते, पहिल्यांदा सर्कस बघणाऱ्या मुलासारखे. मग तिला मादीच्या आवाजातला तो चढ ऐकू आला. "आला," ती कुजबुजली, "डावीकडून, वरून." त्याने कॅमेरा वळवला. नर शिकार घेऊन कड्यावरून सुटला, मादी खालून झेपावली, आणि हवेतल्या हवेत पाठीवर उलटी होऊन तिने त्याच्या पंजातून पाखरू आपल्या पंजात घेतलं. सगळा खेळ डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. कॅमेऱ्याचा आवाज आला आणि थांबला.

संध्याकाळी त्याने स्टुडिओत मोठी प्रिंट काढली. दोन पक्षी, चार पंजे, मध्ये ते पाखरू, आणि मागे खाणीचा करडा दगड. फोटो इतका स्वच्छ, की एकेक पीस मोजून घ्यावं. तो प्रिंटकडे बघत राहिला. "इतक्या वर्षांत..." तो म्हणाला. चष्मा काढून त्याने तो शर्टाला पुसला आणि तसाच हातात धरून बसला.

पुढचे दिवस तिला तिचा जुना नवरा परत मिळाल्यासारखे गेले. तो पहाटे उठून दाढी करायचा, शीळ घालायचा. पूर्वीसारखी तिच्या आमटीला नावं ठेवायचा. "हा फोटो मी दुकानाच्या काचेत लावणार," तो म्हणाला.

"लावा. पण पिल्लं उडून गेल्यावर. थोडेच दिवस राहिलेत. मग गावभर मिरवा."

"कबूल," तो म्हणाला, आणि तिला ते खरं वाटलं, कारण म्हणताना ते खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात मामा कंबरेला पट्टा बांधून पाळीवर आले. त्या दिवशी पहाटे दोघं खाणीच्या कच्च्या वाटेवरून चालले होते. मामा आपल्या कंबरेच्या डॉक्टरांची नक्कल करत होते. ती एकदम थांबली.

"काय झालं बाई?"

"ऐका."

"ससाणा ओरडतोय. रोजच ओरडतो."

"असा नाही ओरडत," ती म्हणाली आणि पळत सुटली. किती वर्षांत ती पळाली नव्हती.

मादी खाणीवर गोल गोल फिरत होती. फिरायची, कपारीपाशी उतरायची, आत डोकावायची, पुन्हा उडायची आणि ओरडायची. तिच्या ओरडण्यात एवढासाही चढउतार नव्हता. एकच एक आवाज, न थांबणारा. कपार रिकामी होती. वरच्या काठावर दोर घासून दगडाचं शेवाळ सोललं गेलं होतं आणि खाली वाळूत बुटांचे ताजे ठसे होते. मामा मटकन खाली बसले. ती बसली नाही. बसलं तर पुन्हा उठता येणार नाही असं तिला वाटलं.

डॉक्टरबाई दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच धावत आल्या. वनखात्याचा माणूस आला, त्याने ठसे मोजले, दोराची खूण मोजली. तो गेल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाट माहीत असल्याशिवाय हे झालेलं नाही. आपल्यापैकी कुणाच्या तोंडून गेलंय?" त्या कुणाचं नाव घेत नव्हत्या, पण बघत होत्या मामांकडे. मामांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"मी नाही, डॉक्टरबाई," मामा म्हणाले. "गप्पा मारतो मी, पण हे नाही बोललो. आईशप्पथ."

"मी तुम्हाला काही म्हटलंय का?"

"म्हणायचं राहिलंय थोडंच?"

ऑपरेटरबाई तिथून निघाली. वाटेत ती मनाला समजावत होती, त्याने शपथ घेतलीय, तो असं करणार नाही. स्टुडिओच्या दारातच शीळ ऐकू आली.

"आलीस? आज लवकर?"

"फोटो कुणाला दाखवलात?"

शीळ थांबली. "दाखवला नाही गं. एक जण पासपोर्टच्या फोटोसाठी आला होता. चांगला गोड बोलणारा मुलगा. आत टेबलावर प्रिंट होती, ती त्याला दिसली. बघतच राहिला. मला म्हणाला, एवढा सुंदर फोटो इंटरनेटवरून उतरवलात का?" तो थोडा हसला. "मला राग आला. म्हटलं, बाबा रे, हा मी काढलाय. तर म्हणे, असा पक्षी इथे कुठला? मी म्हटलं, इथलाच आहे, चालत जाता येईल इतक्या जवळचा. बस, एवढंच. खाणीचं नावही घेतलं नाही मी."

ती टेबलाजवळ गेली. फोटोत मागे तो करडा दगड होता, आणि दगडावर सुरुंगाच्या भोकांची उभी रेघ. असा कातळ या गावात दुसरा कुठे नव्हता.

"काय झालं?" त्याने विचारलं. तिने सांगितलं नाही. पण तिच्याकडे बघता बघता त्याला कळलं, आणि त्याचं तोंड हळूहळू म्हाताऱ्याचं झालं.

"तिन्ही?"

"तिन्ही."

त्याने प्रिंट उचलली आणि मधोमध फाडली. मग पुन्हा फाडली. नको, असं म्हणावं असं तिला आतून वाटलं. त्याच्या हातून आयुष्यात झालेली ती एकच अशी गोष्ट होती. पण ती नको म्हणाली नाही. उभी राहून बघत राहिली. पुढे कितीतरी दिवस तिला हेच खात राहिलं, की आपण नको म्हणालो नाही.

"मी जातो डॉक्टरबाईंकडे," तो म्हणाला.

"तुम्ही नाही. तुम्हाला नेलं मी."

दवाखान्यात पेशंट बसलेले होते. डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं. मामा तिथेच होते, वनखात्यात जबाब देऊन नुकतेच आलेले. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टेलिफोनवर बोलायची तशी, स्पष्ट, एकाही शब्दाची चूक न करता. डॉक्टरबाई बराच वेळ हातातले मोजे काढत बसल्या.

"तुमच्यावर माझा सगळ्यांत जास्त भरवसा होता, बाई," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "उद्यापासून येऊ नका."

मामा तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आले. माफी मागायला तिने तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "माझ्यावर आळ आला त्याचं काही नाही. मला सवय आहे. पण मला सांगायचंत ना बाई. मी तुम्हाला नको म्हटलं असतं, भांडलो असतो. नेऊ दिलं नसतं तुम्हाला."

ती मान खाली घालून जिना उतरली.

नवरा मात्र नुसता बसून राहिला नाही. त्या गोडबोल्याचा फोटो कॅमेऱ्यात होता, समोरून, नीट प्रकाशात, कान दिसतील असा. त्याने त्याच्या प्रिंट काढून वनखात्यात नेऊन दिल्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेला. सुरुवातीला तिथे कुणी लक्ष दिलं नाही. मग एक दिवस निरोप आला. दूरच्या एका नाक्यावर त्या चेहऱ्याचा माणूस पकडला गेला होता. गाडीच्या सीटखाली जाळीचे डबे सापडले. एका डब्यात पिल्लू मेलेलं होतं. एकात जिवंत होतं. तिसरं आधीच विकलं गेलं होतं, कुठे, कुणाला, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

जिवंत पिल्लू जखमी पक्ष्यांच्या केंद्रात ठेवलं. शहराबाहेर, दोन बस बदलून जायचं. दोघं गेले तेव्हा उन्हाळा सरला होता. पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं. छातीवर पट्टे आले होते, डोळे काळेभोर, पाय पिवळे. त्या माणसाने पंखाची पिसं मुळाशी कापली होती. ती पुन्हा येतील, असं केंद्रातल्या मुलीने सांगितलं, पण हा सुटून जगणार नाही.

"का?" नवऱ्याने विचारलं.

तेवढ्यात मांसाची थाळी घेऊन दुसरा एक कर्मचारी दाराशी आला. त्याच्या चपलांचा आवाज ऐकताच तो एवढा मोठा ससाणा पंख खाली पाडून, अंग थरथरवत ओरडायला लागला, कालपरवा जन्मलेल्या पिल्लासारखा. "म्हणून," मुलगी म्हणाली. "माणसालाच आई समजतो. शिकार शिकवायच्या वयात तो डब्यात होता. आता हा असाच ओरडणार."

ऑपरेटरबाईने कानांवर हात ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा. मग ती बाहेर जाऊन बाकावर बसली. आतून नवऱ्याचा आवाज येत होता. तो त्या मुलीला विचारत होता, इथे साफसफाईला माणूस लागतो का, पिंजरे धुवायला, पाण्याची भांडी घासायला. गुडघे दुखतात माझे, पण बसून करता येईल असं काहीही चालेल.

तेव्हापासून तो दर आठवड्याला जायला लागला. ती सोबत जायची, पण आत जायची नाही. बाहेर बसून जाळ्या शिवायची, फडकी धुवून वाळत घालायची. कुणी तिला काही विचारायचं नाही.

पुढच्या वसंतात खाणीत ससाणे आले नाहीत. हे तिला मामांनी सांगितलं, बाजारात, भाजीच्या गाडीपाशी. वर्षभरात ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते. "डॉक्टरबाई अजून जातात सकाळची," ते म्हणाले. "मीही जातो. रिकामी कपार बघतो आणि लिहितो, आज काही नाही. संस्थेला तेही कळवावं लागतं म्हणे." ते थांबले. "तुम्ही बऱ्या आहात ना?"

"आहे," ती म्हणाली. मामा आणखी काही बोलतील असं तिला वाटलं. पण ते पिशवी उचलून निघून गेले.

त्या आठवड्यात केंद्रातून परतताना बस जवळजवळ रिकामी होती. नवरा खिडकीशी बसला होता. त्याच्या बोटांना अजून फिनाइलचा वास येत होता, नखांत घाण अडकली होती.

"तुझ्याकडे एक गोष्ट होती," तो बाहेर बघतच म्हणाला. "तीही मी घालवली."

तिच्या मनात आलं, नाही म्हणावं. इतक्या वर्षांच्या संसारात अशा वेळी माणूस नाही म्हणतो. पण तो तिला खोटं बोलायला सांगत नव्हता, हे त्याच्या आवाजावरून तिला कळत होतं.

"हो," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, जणू तेच ऐकायचं होतं. मग त्याने तिच्या मांडीवरची न वाळलेल्या फडक्यांची जड पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली. तिने ती घेऊ दिली. बस फाट्यावर वळली, कंडक्टरने त्यांच्या स्टॉपचं नाव पुकारलं, आणि दोघं दांडी धरून, एकमेकांना सांभाळत, दाराकडे निघाले.